मेपलच्या फ्रेटबोर्डला तेल लावायचं नाही : लोणावळ्याच्या हवेत साफसफाई, फिनिश आणि कामाचा हिशोब

गिटार सर्व्हिसिंगच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा : "सर, शिसवी फ्रेटबोर्डला लेमन ऑइल लावतो, तसं त्या पिवळसर-पांढऱ्या फ्रेटबोर्डला कुठलं तेल लावायचं?" उत्तर आधीच देऊन टाकतो. कुठलंच नाही. निदान आपल्यापर्यंत येणाऱ्या दहातल्या नऊ गिटारींना तरी नाही. का नाही, मग काय करायचं, आणि त्या कामाचे पैसे कसे लावायचे, हे व्हिडिओत घाईत झालं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांचं दुकान वाद्यांचं नाही त्यांनी हवं तर थेट हिशोबाचा भाग वाचा. तो मोबाइल रिपेअर किंवा शिवणकामाच्या दुकानालाही लागू पडतो.

आधी लाकूड समजून घ्या. गिटारीत वापरतात ते हार्ड मेपल उत्तर अमेरिकेतलं. ज्या झाडाच्या रसापासून मेपल सिरप करतात, त्याच जातीचं. रंग फिका, लाकूड कठीण, रंध्रं इतकी बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. आपली शिसव बरोबर उलटी आहे : गडद, स्वतःचं नैसर्गिक तेल असलेली, रंध्रं मोठी. म्हणून शिसवीची पट्टी कंपन्या बहुतेक वेळा उघडीच सोडतात आणि वर्षातून एक-दोनदा थेंबभर तेलाने ती खूश राहते. मेपल उघडं सोडलं तर बोटांचा घाम, तारांचा काळा मळ आणि गंज सगळं त्या फिक्या लाकडात उतरतं आणि डाग कायमचे बसतात. म्हणून मेपलवर कारखान्यातच फिनिशचा थर दिलेला असतो. तुमचं बोट लाकडाला लागतच नाही, ते त्या थरावर फिरतं.

आता अशा थरावर तुम्ही तेल लावलं तर ते जाणार कुठे? वरच्या वर तरंगणार, धूळ धरणार, बोटांना चिकचिक होणार. हे नुकसान त्यातल्या त्यात बरं, कारण पुसून निघतं. खरं नुकसान होतं ते थर कुठे झिजलाय किंवा तडकलाय तिथे. तेल त्या फटीतून आत शिरतं, आजूबाजूच्या शाबूत थराखाली पसरतं आणि डाग मोठा होतो. पुढे कुणाला ती जागा नीट फिनिश करायची झाली तर नवा थर तेलकट लाकडावर धरत नाही. म्हणजे तुम्ही दोन मिनिटांत केलेलं काम पुढच्या कारागिराला दोन दिवस पुरतं. खोबरेल तेल तर अजिबात नको. आपल्याकडे दरवाजापासून दाढदुखीपर्यंत सगळ्यावर खोबरेल चालतं हे मान्य, पण ते वाळणारं तेल नाही. वर्षभर तसंच ओलसर बसून राहतं.

हे फिक्या नेकचं प्रकरण आलं कुठून, तेही सांगतो, कारण गिऱ्हाईक विचारतं आणि दुकानदाराला माहीत असावं. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात जी सॉलिड बॉडी गिटार बाजारात आणली (नाव आधी ब्रॉडकास्टर, १९५१ पासून टेलिकास्टर), तिची नेक मेपलच्या एकाच तुकड्यातून काढलेली होती. वर वेगळी पट्टी नाही, फ्रेट थेट त्याच लाकडात ठोकलेले. ट्रस रॉड मागच्या बाजूने घालून खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवलेली. ती गडद रेघ आजही अशा नेकच्या पाठीवर दिसते. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टरही तशीच. त्यांच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. तो बोटांनी झिजायचा आणि मधल्या फ्रेटांवर काळे चट्टे पडायचे. १९५८ मध्ये जॅझमास्टरवर शिसवीची पट्टी आली आणि पुढच्या वर्षी बाकीच्या मॉडेलांवरही. साठच्या दशकाच्या शेवटी लॅकरच्या जागी जाड, कडक पॉलिएस्टर आलं. गंमत बघा, ज्या काळ्या चट्ट्यांची तेव्हा तक्रार होती, तेच चट्टे मुद्दाम पाडलेल्या गिटारी आज कंपन्या जास्त पैसे घेऊन विकतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे फिकी नेक पूर्वी फारशी दिसायची नाही, आता दर आठवड्याला येते. त्याच्या कारणांपैकी एक : २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या सगळ्या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या, निर्यातीची कागदपत्रं वाढली आणि कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर लोकांच्या नजरेला दुसरे रंग सवयीचे झाले होते.

आपली हवा

मावळात दुकान असेल तर हा भाग दोनदा वाचा. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, घाटाच्या अगदी कडेला. वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लोकलने तीस किलोमीटरवर तळेगावला उतरलात तर पाऊस निम्म्याहूनही कमी. म्हणजे कामशेतचं, तळेगावचं आणि लोणावळ्याचं गिऱ्हाईक एकाच दिवशी दुकानात आलं तरी तिघांच्या गिटारी वेगवेगळ्या हवेत राहिलेल्या असतात. मी पावतीवर गाव लिहितो ते पत्त्यासाठी नाही, त्यासाठी.

चिक्कीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात कडकडीत मोडणारी चिक्की जुलैत उघडी ठेवली तर तासाभरात बोटाला चिकटते. गूळ हवेतलं पाणी ओढतो म्हणून. लाकूडही ओढतं, फक्त सावकाश. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत हार्ड मेपल रुंदीत ४.८ ते ९.९ टक्के आकसतं, तक्ता कुठल्या दिशेने कापलाय त्यानुसार. सागवानाचे तेच आकडे साधारण २.५ ते ५.८. म्हणजे सागाच्या मानाने मेपल जवळपास दुप्पट हलतं. लांबीत मात्र नगण्य. तयार गिटारीत एवढा पूर्ण फरक कधी पडत नाही, पण पन्नास-पंचावन्न मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत थोडी हालचालही हाताला कळते.

कळते कुठे? एप्रिल-मेमध्ये पट्टी आकसते, फ्रेटची धातूची तार आकसत नाही, मग फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला खरखर लागतात. पावसाळ्यात उलट. त्या वेळी टोकं आत, पण नेक वाकते आणि तारांची उंची बदलते. कुठल्या बाजूला वाकेल ते गिटारीप्रमाणे ठरतं, म्हणून बघितल्याशिवाय ट्रस रॉड फिरवू नका. फिरवलात तर एका वेळी पाव वळसा, आणि मग थांबून परत बघा.

फिनिश ही हालचाल थांबवतं असा अनेकांचा समज आहे. थांबवत नाही, धीमी करतं. ज्या गिटारीवर थर शाबूत आहे ती एका ओल्या आठवड्याने बिघडत नाही, पण चार महिन्यांच्या पावसाळ्यापुढे तीही बदलते. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत बंद खोलीतही आकडा ८५ च्या वर जातो. दुकानात एक डिजिटल आर्द्रतामापक टांगा, काही शे रुपयांत मिळतो. मी तो काउंटरच्या मागे न लावता गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर लावलाय. "भाऊ, हा ८८ बघा, तुमच्या घरीही असाच असणार" एवढं म्हटलं की पुढचं पाच मिनिटांचं समजावणं वाचतं.

विकएंडच्या बंगल्यांतल्या गिटारींना सगळ्यात जास्त सोसावं लागतं. मालक मुंबईला, गिटार बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, फोमच्या बॅगेत, जूनपासून दिवाळीपर्यंत बंद. बॅग उघडली की बुरशीचा वास आधी येतो. अशा गिऱ्हाईकाला एवढंच सांगा : गिटार आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, हवा लागेल अशी ठेवा. बॅगेतच ठेवायची असेल तर सिलिका जेलची पुडी टाका, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ती गरम करून परत निळी करा. गुलाबी झालेली पुडी सहा महिने तशीच ठेवून उपयोग नाही.

हात लावण्याआधी ओळखा

तुमच्यासमोर गिटार आली. पहिलं काम बघणं. तारा सैल करा, फ्रेटबोर्ड खिडकीसमोर तिरपा धरा. काचेसारखी चमक आणि जाड थर दिसला तर बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. मंद, रेशमी दिसत असेल तर पॉलियुरेथेनचाच पातळ थर असण्याची शक्यता जास्त. पिवळट झालेला, बारीक तडे गेलेला, जुनी गिटार, तर नायट्रो लॅकरची शंका घ्या. चॉकलेटी मेपल दिसलं तर ते भाजलेलं मेपल असू शकतं. ऑक्सिजन काढून टाकलेल्या भट्टीत तापवून लाकूड जास्त स्थिर केलेलं असतं, आणि त्यावर कधी अगदी पातळ फिनिश असतं, कधी नुसतं तेल-मेण. काही चांगल्या कंपन्या साध्या मेपलच्या नेकवरही गनस्टॉक ऑइल आणि मेण वापरतात. सुरुवातीला "दहातल्या नऊ" म्हटलं ते या उरलेल्या एकासाठी.

डोळ्यांनी ठरत नसेल तर पाण्याचा थेंब. बोटाने एक बारीक थेंब शेवटच्या फ्रेटांजवळ, जिथे फारसं कुणी वाजवत नाही तिथे ठेवा, आणि दुसरा मधल्या झिजलेल्या जागी. थेंब मोत्यासारखा बसला तर थर आहे. पसरून लाकूड गडद झालं तर थर नाही. अर्ध्या मिनिटात पुसून टाका.

कुठलं फिनिश आहे हे नक्की जाणणं फक्त दुरुस्तीच्या वेळी लागतं, साफसफाईला नाही. लागलंच तर नेक स्क्रूने बसवलेली आहे याची खात्री करून ती काढा आणि बॉडीच्या खाचेत लपणाऱ्या भागावर कानातल्या काडीने तपासा. आधी स्पिरिट. चिकट झालं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर थिनर. त्याने चिकट झालं तर नायट्रो लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर पॉली. फ्रेटबोर्डच्या दर्शनी भागावर हा प्रयोग कधीच करायचा नाही, कितीही छोटा थेंब असला तरी.

साफसफाई

थर शाबूत असेल तर काम सोपं. मायक्रोफायबर कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की पुन्हा पिळल्यावर थेंब पडू नये. एका फ्रेटपासून दुसऱ्या फ्रेटपर्यंत पुसा, लगेच कोरड्या कापडाने पुसा. फ्रेटच्या कडेला साचलेला मळ लाकडी टूथपिकवर कापड गुंडाळून काढा. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड नको. पाण्याने न निघणारा तेलकट मळ असेल तर लायटर फ्लुइड कापडावर दोन थेंब घ्या. ते नायट्रोला आणि पॉलीला दोघांनाही चालतं आणि उडून जातं. पण ते पेटतं, तेव्हा दुकानातली उदबत्ती आधी विझवा, खिडकी उघडा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको. घरातली काच साफ करायची निळी बाटली पण नको.

फ्रेट हिरवट किंवा काळे पडलेले असतात, पावसाळ्यात जास्तच. ते घासताना लाकूड झाका. नवीन पॉली गिटारीवर हलक्या चिकटपणाची मास्किंग टेप चालते. जुन्या नायट्रोवर टेप उचलताना लॅकरही सोबत निघू शकतं, म्हणून तिथे खाच पाडलेली पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी वापरा. अगदी बारीक स्टील वूल वापरत असाल तर पिकअप आधी टेपने पूर्ण बंद करा. पिकअपमध्ये चुंबक असतं आणि लोखंडाचा भुगा तिथे जाऊन बसला की काढता येत नाही. स्टील वूल चकचकीत फिनिशवर घासलं तर तेवढीच जागा मंद दिसते, तेही लक्षात ठेवा. मी फ्रेटसाठी मेटल पॉलिश आणि कापडच पसंत करतो. वेळ थोडा जास्त जातो, डोक्याला ताप कमी.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला लागत असतील तर ती एप्रिल-मेमध्येच घासा, म्हणजे पट्टी सगळ्यात अरुंद असताना. एकदा केलं की पुढच्या वर्षी परत लागत नाही. घासताना कडेचं फिनिश तुटतं, तिथे बारीक ब्रशने फिनिशचा थेंब टेकवून वाळू द्या. हे विसरलं की पुढचा पावसाळा तिथूनच आत शिरतो.

काळे चट्टे

आता अवघड गोष्ट. पाचव्या ते नवव्या फ्रेटमध्ये थर झिजून लाकूड काळं पडलंय आणि गिऱ्हाईक म्हणतं, "नवी करून द्या."

आधी त्याला विचारा, ही गिटार कुणाची? हा प्रश्न धंद्याचाच आहे. वडिलांची असेल, तर ते चट्टे वडिलांच्या बोटांचे आहेत. पॉलिश पेपर फिरवला की ते गेले, आणि घरी जाऊन आईने बघितल्यावर जे होतं ते तुम्हाला दुकानात परत ऐकावं लागतं. जुनी परदेशी गिटार असेल तर मूळ फिनिश काढल्याने तिची किंमत पडते. असे चट्टे पाडायचे लोक पैसे देतात हे वर सांगितलंच. अशा वेळी माझा सल्ला एकच असतो : साफ करा, कोरडं करा, उघड्या जागेत घाम पुढे शिरू नये एवढं पातळ फिनिश कापडाने लावा आणि सोडून द्या. काळं तसंच राहील, पण वाढणार नाही.

काळेपणा घालवायला फर्निचरवाले ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात. लोखंडाच्या डागावर ते चालतंही. पण ते विषारी आहे, पाण्यात कालवून लावावं लागतं आणि फ्रेटच्या खाचांत ते पाणी जातं. मी ते काम दुकानात घेत नाही.

चपडा पॉलिशबद्दलही विचारतात, कारण मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर ते शोभतं. वाद्य तेच असल्यासारखं वाटतं, पण सतारीच्या दांडीवर पडदे बांधलेले असतात आणि ते दांडीच्या वर उंच उभे असतात. बोट तार ओढतं, लाकूड घासत नाही. गिटारीत बोट थेट पट्टीवर येतं. चपडा स्पिरिटने विरघळतो, घामानेही हळूहळू मऊ पडतो. आजकाल प्रत्येकाच्या खिशात सॅनिटायझर असतो, म्हणजे स्पिरिटच. बॉडीवर चपडा सुंदर, वाजवायच्या पट्टीवर नको.

पूर्ण नवं फिनिश

कोरी मेपल नेक आली, किंवा मालकाने विचार करून जुनं काढायचंच ठरवलं, तर दुकानात हाताने करता येण्यासारखा मार्ग म्हणजे कापडाने लावायचं पॉलियुरेथेन किंवा ट्रू ऑइलसारखं वाळून कडक होणारं तेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड अळशीचं तेल नुसतं वापरू नका. सावकाश वाळतं, मऊ राहतं आणि फिकं मेपल पिवळं करतं.

नट काढा किंवा त्याची खाच टेपने बंद करा, ट्रस रॉडचं तोंड बंद करा. ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. धूळ पूर्ण काढा. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर अगदी थोडं फिनिश घेऊन पातळ हात मारा आणि फ्रेटवर आलेलं लगेच पुसून घ्या. कोरड्या दिवसांत चोवीस तास, दमट असेल तर बोटाला गारवा-चिकटपणा लागेनासा होईपर्यंत थांबा, मग तो आकडा अठ्ठेचाळीस तास झाला तरी चालेल. दोन-तीन कोटनंतर ६०० च्या पेपरने हलकं घासा. असे पाच ते आठ कोट. शेवटच्या कोटनंतर निदान दोन आठवडे तारा चढवू नका, वरून सुकलेलं दिसलं तरी आतून कडक व्हायचं असतं.

फवाऱ्याने एनसी लॅकर मारायचं असेल तर जून ते सप्टेंबर लोणावळ्यात मारू नका. फर्निचर पॉलिशवाल्यांना हे माहीत आहे : पावसात मारलेलं लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतलं पाणी त्या थंड थरावर जमतं आणि आत अडकतं. रिटार्डर थिनर घालून उडण्याचा वेग कमी करतात, थोडा फरक पडतो, पण ८५-९० टक्के आर्द्रतेत भरवसा नाही. टेबलावर पांढरा डाग कपड्याने झाकता येतो. गिटारीच्या नेकवर झाकणार कसा?

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक बॅचला सांगतो. अळशी, टंग किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती बाहेर पडत नाही आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. रात्री दुकान बंद केल्यावर. फडकी दोरीवर एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. पावसाळ्यात बाहेर वाळत नाही, म्हणून पाण्याचा डबा.

हिशोब

आपल्याकडे सवय अशी की तारा विकत घेतल्या की साफसफाई फुकट. गिऱ्हाईक खूश, दुकानदार बिचारा तासभर वाकून बसलेला.

समजा दुकानाचं भाडं बारा हजार, लाइट बिल दोन हजार, मदतनीस दहा हजार. महिन्याचे चोवीस हजार. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. एका तासाला ११५ रुपये नुसतं शटर उघडं ठेवायला लागतात. तुमच्या हाताची किंमत तासाला २५० धरा (कमी धरू नका, चांगला इलेक्ट्रिशियन त्याच्यावर घेतो). झाले ३६५. मेपल फ्रेटबोर्डची नीट साफसफाई, फ्रेट पॉलिश आणि तारा चढवून ट्यूनिंग याला सव्वा तास लागतो. ४५६ रुपये, त्यात पन्नासचं साहित्य. पाचशे सहा. म्हणजे पाचशेच्या खाली हे काम करताय तर ते स्वतःच्या खिशातून करताय. तारांचे पैसे वेगळे.

पूर्ण फिनिशचं गणित आणखी बोलकं आहे. हाताचे सात तास धरले तर २,५५५, साहित्य पाचशे, तीन हजारांच्या वर गेलं. शिवाय गिटार तीन-चार आठवडे तुमच्या जबाबदारीवर. आता ती गिटारच नऊ हजारांची असेल तर? गिऱ्हाईकाला हा आकडा आधी सांगा आणि सोबत हेही सांगा की एवढ्यात साफसफाई आणि छोटा बंदोबस्त करून पाच वर्षं आरामात जातील. तुम्ही मोठं काम सोडलं म्हणून तो परत येतो, असा माझा अनुभव आहे. दर पावसाळ्यानंतर एक साफसफाई, दर वर्षी.

मिरजेचं उदाहरण मी वर्गात देतो. तिथले फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकातले, घराणं शिकलगारांचं, म्हणजे शस्त्रं साफ करून धार लावणारं. शस्त्रांचं काम कमी होत गेलं आणि संस्थानात येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. आधी दुरुस्ती, त्यातून बनावट समजली, मग नवी वाद्यं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची सुरुवात अशी दुरुस्तीच्या पाटावर झाली. आपण गिटार बनवणार नाही हे ठीक. पण कुठल्या गिटारीचं काय बिघडतं हे लिहून ठेवणारं दुकान मावळात किती आहेत?

म्हणून जॉब कार्ड. साधी वही चालेल. गिटार घेतानाच फ्रेटबोर्डचे चार फोटो गिऱ्हाईकासमोर काढा आणि त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. वहीत लिहा : गाव, फिनिश कुठलं वाटतं, थर कुठे झिजलाय, त्या दिवशीची आर्द्रता, काय करणार आणि काय करणार नाही. "करणार नाही" हा रकाना महत्त्वाचा, त्यात "तेल नाही, काळे चट्टे तसेच राहतील" असं स्वच्छ लिहा आणि सही घ्या. गिटार नेताना हेच तुम्हाला वाचवतं.

पावसाळ्यात येणाऱ्या फिनिशच्या कामांना मी नाही म्हणत नाही, नोव्हेंबरची तारीख देतो. साफसफाई करून गिटार लगेच परत, कार्डावर "फिनिश : दिवाळीनंतर", शंभर रुपये आगाऊ. ऑक्टोबरच्या शेवटी आर्द्रतामापक साठच्या खाली स्थिरावला की वही उघडायची आणि फोन लावायला बसायचं. पहिले फोन बंगलेवाल्यांना, कारण त्यांची बॅग अजून उघडलेली नसते.